काटा दहाच्या खाली

अमेरिकेत ट्रक या नावाखाली अवजड मालवाहू गाड्यांबरोबरच पुढे ऐसपैस केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअपही मोडते, आणि ही पिकअप बाळगणाऱ्यांत एक वर्ग असा आढळतो की कारखान्याने दिलेले इंजिन जसेच्या तसे चालवणे हा त्याला आपल्या कर्तृत्वाचा अवमान वाटतो. या वर्गातील गृहस्थ गाडी घरी आली की आधी तिची शक्ती वाढवतो, मग वाढलेली शक्ती मोजण्यासाठी उपकरणे बसवतो आणि त्यानंतर उरलेले आयुष्य त्या उपकरणांवर दिसणाऱ्या आकड्यांची काळजी वाहण्यात घालवतो. या काळज्यांपैकी सर्वांत चिवट म्हणजे इंधनाचा दाब, आणि प्रस्तुत विवेचन तेवढ्यापुरतेच मर्यादित आहे.

या वर्गाची सर्वाधिक श्रद्धा ज्या इंजिनावर आहे ते कमिन्स कंपनीचे 5.9 लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले डिझेल इंजिन होय. इंडियाना राज्यातील कोलंबस येथे 1919 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने शेतीयंत्रे बनवणाऱ्या केस कंपनीच्या भागीदारीत हे इंजिन घडवले. शेतात आणि बांधकामावर राबणे हा त्याचा मूळ पिंड होता, आणि 1989 च्या मॉडेलपासून सुमारे 500 किलो वजनाचा हा ऐवज डॉज रॅम पिकअपच्या बॉनेटखाली बसवला जाऊ लागला. मराठी वाचकाला हे कूळ अगदीच परके नाही. 1962 मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, 1993 मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्सने जमशेदपूरला याच घराण्यातील इंजिने टाटांच्या ट्रकसाठी बनवली, आणि पुढे सातारा जिल्ह्यातील फलटणलाही कमिन्सचे कारखाने आले. फरक एवढाच की इकडचे भावंड ऊस, सिमेंट आणि कांदा ओढत घाट चढत असताना त्याच्या इंधनाचा दाब किती आहे याची चौकशी सहसा कोणी केली नाही, चालकाने 'गाडी ओढते' एवढा शेरा दिला की तपासणी संपत असे; तिकडचे भावंड मात्र रविवारी एक होडी तळ्यापर्यंत नेऊन परत आणते आणि तेवढ्या श्रमासाठी अहोरात्र वैद्यकीय निरीक्षणाखाली राहते.

या निरीक्षणाला कारण घडले ते 1998 च्या मध्यास. तोपर्यंत या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे 2 याप्रमाणे 12 व्हॉल्व्ह होते आणि टाकीतले डिझेल इंजिनापर्यंत आणणारा लिफ्ट पंप, ज्याला महाराष्ट्रातील मेकॅनिक फीड पंप म्हणतो, इंजिनाच्याच कॅमशाफ्टवर चालत असे, त्यामुळे इंजिन फिरते तोवर पंपही निमूटपणे फिरत राही. नव्या आवृत्तीत व्हॉल्व्ह 24 झाले, मुख्य पंप म्हणून बॉशचा व्हीपी-44 हा विजेच्या हुकमावर चालणारा, डोक्यावर स्वतःचा छोटा संगणक वागवणारा पंप आला, आणि लिफ्ट पंपही विजेवर चालू लागला. वास्तविक पंप ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चा असतो, म्हणून विजेच्या पंपाची योग्य जागा टाकीत किंवा टाकीजवळ. परंतु या गाडीत तो इंजिनाच्या कुशीला, म्हणजे टाकीपासून दूर, जिथे उष्णता आणि थरथर दोन्ही भरपूर आहेत अशा ठिकाणी बसवण्यात आला. जागा न बदलता माणूस बदलण्याची ही रीत सरकारी कचेऱ्यांपुरती मर्यादित नाही, हे यावरून सिद्ध होते.

लिफ्ट पंपाकडून अपेक्षा माफक असते. त्याने 10 ते 15 पाउंडांच्या दाबाने डिझेल व्हीपी-44 च्या दारात आणून सोडावे, इतकेच त्याचे काम. येथे पाउंड म्हणजे एका चौरस इंचावर पडणारा पाउंडांतला दाब. पंक्चरवाल्याकडे मोटारीच्या टायरमध्ये 'तीस हवा' भरली जाते ती याच मापाने, तेव्हा हा दाब टायरच्या निम्म्याहून जास्त नाही. आलेल्या डिझेलपैकी थोडेच सिलिंडरात जळते आणि बरेचसे, सुमारे 14 पाउंडांना उघडणाऱ्या एका झडपेतून, पुन्हा टाकीकडे परत जाते. नवख्याला हा परतीचा प्रवास निव्वळ उधळपट्टी वाटतो, परंतु परत जाणारे डिझेलच व्हीपी-44 ची उष्णता वाहून नेते आणि त्याचे आतले भाग वंगणावर ठेवते; डिझेल कमी पडले तर पंप तापतो, कोरडा पडतो, त्याच्या डोक्यावरचा संगणक भाजतो आणि अखेरीस गाडीच्या तपासणी यंत्रावर पी0216 असा सांकेतिक क्रमांक उमटतो, ज्याचा अधिकृत अर्थ इंजेक्शनच्या वेळेचे नियंत्रण बिघडले असा असून व्यवहारातला अर्थ हजारभर डॉलरची सोय करावी असा आहे.

या रचनेतला खरा दुष्टपणा वेगळाच आहे. व्हीपी-44 च्या पोटात स्वतःचा एक छोटा पंप असतो, त्यामुळे लिफ्ट पंपाने प्राण सोडला तरी मुख्य पंप टाकीतून डिझेल स्वतःच ओढत राहतो आणि गाडी चालत राहते. ती खोकत नाही, धूर बदलत नाही, वेग घेण्याचा जोर किंचित मंदावला तर मालक त्याचे खापर होडीच्या वजनावर फोडतो. कारखान्याने डॅशबोर्डवर तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, बॅटरी आणि टाकीतले डिझेल दाखवणारे काटे दिले, मात्र ज्या दाबावर हजार डॉलरचा पंप जगतो तो दाखवणारा काटा दिला नाही. परिणामी एका स्वस्त पंपाच्या मरणाची बातमी मालकाला महागड्या पंपाच्या मरणानेच कळते.

ही हकिकत एकदा सर्वतोमुखी झाल्यावर गेज, म्हणजे दाबमापक, बसवणे हे ओघाने आले. विंडशील्डच्या कडेला असलेल्या खांबावर एका खाली एक दोन-तीन गोल गेज बसवण्याची पद्धत आहे आणि त्यांतले एक इंधनदाबाचे असते. दाब मोजणाऱ्या यांत्रिक गेजमध्ये एक वाकडी पोकळ नळी असते, आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. युजेन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने 1849 मध्ये काढलेली ही युक्ती वाफेच्या इंजिनांचे स्फोट टाळण्याच्या कामी आली. तिचाच वंशज आज अमेरिकेतील हमरस्त्यावर एका सुखवस्तू गृहस्थाची झोप उडवतो. गेज नव्हते तेव्हा हा मनुष्य रस्ता पाहत गाडी चालवत असे. गेज बसल्यानंतर त्याची नजर रस्ता आणि काटा यांत वाटली जाते आणि चढावर तर बहुतेक वाटा काट्यालाच मिळतो.

काटा दहाच्या खाली उतरला की शोधाला आरंभ होतो, आणि शोधाचा पहिला नियम असा की काट्यावर संशय घ्यायचा नाही. वस्तुतः पहिला संशयित तोच असावयास हवा. लिफ्ट पंप आणि व्हीपी-44 यांच्यामधल्या नळीत डिझेल शांतपणे वाहत नाही, त्यात दाबाचे बारीक ठोके सतत उठत असतात आणि विजेच्या गेजला खबर देणारा सेंडर हे ठोके खाऊन काही महिन्यांत खुळा होतो. यावर उपाय म्हणून सेंडरच्या अलीकडे एक सुईसारख्या टोकाची बारीक तोटी बसवून ती जवळजवळ बंद ठेवण्याचा प्रघात पडला, म्हणजे ठोके अडतात आणि सरासरी दाब तेवढा पोचतो. मात्र ही तोटी चिमूटभर जास्त आवळली गेली की काटा शून्यावर येऊन बसतो किंवा अर्धा चढ ओलांडल्यावर मागच्या सपाटीवरचा दाब दाखवतो. अशा काट्यावर विसंबून चांगले लिफ्ट पंप काढून फेकले गेले आहेत. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला ही म्हण बनली तेव्हा डिझेल इंजिन अस्तित्वात नव्हते, परंतु तिची सोय आधीच करून ठेवलेली दिसते.

गेज खरे बोलत असले तरी ते कोठून बोलते हे पाहावे लागते. पंप स्वतः दाब निर्माण करतो ही समजूत चुकीची आहे. पंप प्रवाह निर्माण करतो, त्या प्रवाहाला पुढे जो अडथळा होतो त्यातून दाब जन्मतो. म्हणून गेजची जोडणी पंप आणि फिल्टर यांच्या मध्ये असेल, आणि फिल्टर गाळाने तुंबत चालला असेल, तर काटा खाली येण्याऐवजी वर चढतो. मालकाला पंप तब्येतीने सुधारल्याचा आनंद होतो आणि तो हा आनंद शेजाऱ्यालाही दाखवतो, त्याच वेळी फिल्टरच्या पलीकडे व्हीपी-44 तहानेने तळमळत असतो. गेज फिल्टरच्या पुढे, मुख्य पंपाच्या दाराशी जोडावे हे त्यामुळे शहाणपणाचे. पण तेथे हात पोचत नाही म्हणून ते अलीकडे जोडले जाते, आणि हाताच्या सोयीने ठरलेले हे मोजमाप पुढे वर्षानुवर्षे प्रमाण मानले जाते.

उभ्या गाडीतला दाब आणि चढावरचा दाब यांतील अंतर हा या विषयाचा गाभा आहे. इंजिन नुसते घरघरत असताना डिझेलची मागणी इतकी कमी असते की अर्धमेला पंपही 14 पाउंड दाखवतो; ट्रेलर जोडून ॲक्सिलरेटर तळाला टेकवला की मागणी वाढते, आणि प्रवाह दुप्पट झाला की अरुंद जागी वाया जाणारा दाब साधारण चौपट होतो. कारखान्याने मॅन्युअल गिअरच्या गाडीला 235 अश्वशक्ती दिली होती, 2001 मध्ये निघालेल्या अधिक ताकदीच्या आवृत्तीला 245. सुधारकाने त्यावर संगणकाला फसवून जास्त डिझेल मागवणारा एक डबा, ज्याला तो प्रेमाने चिप म्हणतो, जोडलेला असतो, सिलिंडरात डिझेल फवारणारी मोठ्या भोकांची नोझल बसवलेली असतात, क्वचित एका डब्यावर दुसरा डबा चढवलेला असतो. एवढे करून डिझेल मात्र पूर्वीच्याच नळीतून, पूर्वीच्याच पंपाने यावे अशी त्याची अपेक्षा असते आणि ते येत नाही याबद्दल तो कारखान्याला दोष देतो. लग्नाला गावजेवण ठेवून पाण्याचा एकच टँकर सांगणाऱ्या यजमानाला महाराष्ट्रात निदान सोयरे तरी चार शब्द सुनावतात. तिकडे मात्र सोयरेही तसलेच असतात आणि ते आणखी मोठी नोझल सुचवतात.

याच ओघात बॅन्जो बोल्टचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. हा आतून पोकळ बोल्ट असतो, त्याच्या अंगाला आडवी भोके असतात, आणि तो गोल कडीसारख्या जोडातून घालून आवळला की डिझेल बोल्टच्याच पोटातून काटकोनात वळून पुढे जाते. जोड नीटस होतो, जागा कमी लागते, दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर घातले की गळतही नाही. परंतु असा बोल्ट काढून, पुसून, उजेडाकडे धरून त्याच्या भोकातून पाहिले असता 245 अश्वशक्तीचे सर्व वैभव एवढ्याशा फटीतून ये-जा करते हे लक्षात येऊन प्रेक्षक काही काळ निःशब्द होतो. मोठी नळी आणि सरळ जोड घातल्याने चढावरचे काही पाउंड परत मिळतात हे खरे आहे. मात्र हा खर्च करणारा बहुधा आधी नवा पंप आणि दुसऱ्यांदा नवा पंप घेऊन मोकळा झालेला असतो, कारण नळी विकत घेण्यात पंप विकत घेण्याची शान नाही.

सर्वांत फसवा दोष हवेचा. लिफ्ट पंपाच्या पुढच्या बाजूला नळी फुटली तर डिझेल बाहेर गळते, जमिनीवर डाग पडतो आणि दोष स्वतः होऊन हजर होतो. परंतु टाकी ते पंप या ओढीच्या बाजूला रबराला चीर गेली किंवा जोडातली ओ-रिंग कडक झाली तर बाहेर थेंबही येत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते, आणि फुटक्या स्ट्रॉने शहाळे पिणाऱ्याच्या वाट्याला जे येते तेच पंपाच्या वाट्याला येते. गाडीखाली पुठ्ठा अंथरून रात्रभर वाट पाहणाऱ्या मालकाला सकाळी पुठ्ठा कोरडा मिळतो आणि 'लाइनीत काही नाही' असा निष्कर्ष तो छातीठोकपणे काढतो. या दोषावर पारदर्शक नळीसारखा उपाय नाही. पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली, चावी स्टार्टपर्यंत फिरवून लगेच सोडली, तर या गाडीचा लिफ्ट पंप इंजिन चालू न होताही सुमारे 25 सेकंद चालतो. तेवढ्या वेळात नळीतून पिवळसर डिझेल वाहताना दिसते आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक निघाले की वाद मिटतो. येथे वाद मिटतो असे म्हणणे जरा धाडसाचे आहे, कारण ते बुडबुडे नळी जोडतानाच आत गेले असावेत असे म्हणणारा निदान एक जण गाडीभोवती उभा असतोच.

त्याचे समाधान करण्यासाठी आणखी एक परीक्षा आहे आणि ती इतकी स्वस्त आहे की तिच्याकडे कोणी आदराने पाहत नाही. टाकीची नळी सोडून पंपाची ओढीची नळी थेट स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवावी आणि इंजिन चालवून काटा पाहावा. दाब पूर्ववत झाला तर पंप निर्दोष असून दोष टाकीत, टाकीतल्या नळीत किंवा वाटेवरच्या जोडात आहे; दाब तसाच राहिला तर टाकी निर्दोष. एका कॅनच्या साक्षीने निम्मी गाडी संशयातून मुक्त होते. परंतु या परीक्षेत काहीही विकत घ्यावे लागत नाही, कोणतेही पार्सल येत नाही, आणि ज्या दुरुस्तीला पार्सल येत नाही ती दुरुस्ती झाल्यासारखी वाटत नाही. त्यामुळे काखेत कळसा तसाच ठेवून गावाला वळसा पूर्ण केला जातो, आणि वळशाच्या शेवटी गॅरेजच्या फळीवर दोन चालू स्थितीतले लिफ्ट पंप, तीन फिल्टर आणि एक सेंडर असा संग्रह जमा होतो, जो गाडी विकताना 'सुटे भाग मोफत' या शीर्षकाखाली जाहिरातीत येतो.

पुढच्या मालकाचे दुःख येथून सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या हातात आलेल्या या गाडीतला दोष शोधणे म्हणजे आधी उत्खनन करणे होय: वरच्या थरात चिपचा डबा, त्याखाली कोणीतरी पिळून काळी टेप गुंडाळलेल्या वायरी, त्याखाली पुढे काय केले याचा पत्ता नसलेला एक रिले, आणि तळाशी कारखान्याची मूळ रचना, जी तोवर कोणाला पाहिल्याचे आठवत नाही. लिफ्ट पंपाला वीज मुळात इंजिनाच्या संगणकामार्फत मिळते. मोठा पंप लावायचा तर त्याला रिलेतून थेट बॅटरीची वीज द्यावी लागते, आणि हे ज्याने केले नाही त्याचा पंप भर लोडवर अर्धपोटी राहतो. बॅटरीवर 14 व्होल्ट असले म्हणून पंपावर 14 असतातच असे नाही. गंजलेली अर्थिंग वाटेत दोन-तीन व्होल्ट खाते आणि त्याचा आरोप डिझेलवर येतो. जोडांच्या आट्यांवर सढळ हाताने गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून पुढे परतीच्या झडपेत अडकणे, हाही पूर्वजांच्या पुण्याईचाच भाग. प्रत्येक मालक पूर्वीच्या मालकाला मूर्ख समजतो, आणि हे मत बहुधा बरोबर असते. ते मत पुढच्या मालकाचेही असणार आहे एवढीच गोष्ट त्याच्या हिशेबात नसते.

ऋतूंचाही या शास्त्रात वाटा आहे. उत्तरेकडच्या राज्यांत कडक हिवाळ्यात डिझेलमधले मेण गोठू लागते, फिल्टर बुजतो, फिल्टरच्या पुढे जोडलेला काटा सकाळी कोलमडतो आणि दुपारी ऊन पडल्यावर आपोआप सावरतो. मधल्या वेळेत ज्याने पंप बदलला असेल तो पंपाचा गुण सांगतो, ज्याने डिझेलमध्ये बाटलीभर रसायन ओतले असेल तो रसायनाचा. अमेरिकेत 2006 पासून ट्रकच्या डिझेलमधले गंधक दशलक्षात 500 भागांवरून 15 भागांवर आले, गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा बुळबुळीतपणा कमी होतो, आणि तो भरून काढणारे द्रव्य पुरवठादार स्वतःच मिसळत असले तरी टाकीत टू-स्ट्रोकचे ऑइल घालावे की नाही यावर या वर्गात दोन पंथ पडले आहेत. त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत असावा, पण नोझलचा होत नाही.

क्वचित एखाद्याच्या हाती सर्व काही बरोबर लागते. तो गेज दुसऱ्या खात्रीच्या गेजशी ताडून पाहतो, जुनी नळी उपटून टाकतो, टाकीजवळ चौकटीवर मोठा पंप बसवतो, रिले घालतो, आणि त्यानंतर गाडी ट्रेलर जोडून सर्वांत अवघड चढावर नेली तरी काटा 17 वर खिळलेला राहतो. एवढ्याने त्याने सुखी व्हावे, पण दोन बाबी आड येतात. एक म्हणजे दाब शिल्लक आहे याचा अर्थ आणखी मोठी नोझल पेलतील असा लावण्याचा मोह. दुसरी म्हणजे व्हीपी-44 ला 20 पाउंडांच्या वर दाब सोसत नाही, त्याच्या पुढच्या शाफ्टचे सील जाते, असा या मंडळींत रूढ असलेला समज; थंडीत पहाटे गाडी चालू केल्यावर काटा क्षणभर 19 ला शिवून आला की पूर्वी दाब कमी म्हणून तळमळणारा तोच गृहस्थ आता दाब जास्त म्हणून पंपाच्या रेग्युलेटरची स्प्रिंग काढतो, तिच्याखालचा एक पातळ वायसर कमी करतो, पुन्हा बसवतो, आणि आता 16 दिसतात ते खरोखरच 16 आहेत का याची खात्री करून घेण्यासाठी अधिक अचूक गेज मागवतो.